मारेलाचे पाय आणि एक काळा डाग

मारेला या प्राचीन सागरी प्राण्याचे जीवाश्म पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सर्वांत आधी भरतो तो त्याच्या मागच्या टोकाशी पसरलेला काळसर डाग. प्राणी स्वतः जेमतेम दोन सेंटिमीटरचा; अडीच सेंटिमीटरच्या घरात जाणारे नमुने अगदी थोडे. करड्या-काळ्या शेल दगडावर त्याची चपटी आकृती उमटलेली असते, प्रकाश तिरपा टाकला की ती रुपेरी चमकते, आणि एवढ्या नाजूक कामाच्या शेवटी कुणाच्या तरी हातून शाईची दौत कलंडावी तसा हा डाग दिसतो. तो प्रत्येक नमुन्यात सारखा नसतो. कधी शरीराला चिकटून असतो, तर कधी एका अंगाने ओघळत बराच दूर गेलेला असतो. संग्रहालयांच्या भिंतींवरच्या रंगीत पुनर्रचनांमध्ये मात्र तो औषधालाही सापडत नाही, आणि ते एका अर्थी बरोबरच आहे, कारण जिवंत मारेलाला असा डाग नव्हता. तरीही या प्राण्याच्या शरीररचनेबद्दल मला जे सांगायचे आहे ते डाग वगळून सांगता येणार नाही.

ठाण्यात राहून जीवाश्मांची हौस बाळगणे हा तसा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पारसिकचा डोंगर घ्या किंवा येऊरच्या टेकड्या घ्या, इथला सारा पाषाण बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. मारेला जगला तो काळ सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, त्यामुळे आपल्या डोंगरांचे वय त्याच्या पुढे अगदीच कोवळे ठरते. भारतात कँब्रियन, म्हणजे मारेलाच्याच काळातले संधिपाद (सांध्यांच्या पायांचे) प्राणी पाहायचेच असतील तर स्पितीच्या पाराहिओ खोऱ्याकडे जावे लागते. तिथल्या ट्रायलोबाइटांचे, म्हणजे नामशेष झालेल्या कवचधारी सागरी संधिपादांचे वर्णन पुराजीवशास्त्रज्ञ रीड यांनी १९१० साली प्रसिद्ध केले होते. मारेलासाठी मात्र कॅनडा गाठावे लागते, आणि ते ज्यांना जमत नाही त्यांना छायाचित्रांवर आणि शास्त्रीय रेखाटनांवर भागवावे लागते. मी निवृत्तीपूर्वी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते. एखादी रचना समजून घ्यायची म्हणजे ती स्वतःच्या हाताने काढून पाहायची, ही त्या नोकरीने लावलेली सवय अजून सुटलेली नाही, म्हणून मारेलाची ओळखही वहीतल्या रेखाटनांतूनच होत गेली.

ब्रिटिश कोलंबियातल्या योहो राष्ट्रीय उद्यानात, वाप्टा आणि माउंट फील्ड या दोन शिखरांमधल्या कड्यावर, चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ च्या ऑगस्टअखेर मारेलाचे जीवाश्म असलेले थर सापडले. ते तेव्हा स्मिथसोनियन संस्थेचे सचिव, म्हणजे प्रमुखच होते. ३१ ऑगस्टच्या रोजनिशीत त्यांनी तीन प्राण्यांची छोटी रेखाटने काढून ठेवली, आणि त्यांतले एक मारेलाचे होते. त्यांनी त्याला आपल्यापुरते ‘लेस क्रॅब’ म्हणून टाकले. १९१२ साली रीतसर नाव देताना केंब्रिजचे भूवैज्ञानिक जॉन मार यांचे नाव त्याला जोडले आणि ‘मारेला स्प्लेंडेन्स’ हे नाव रूढ झाले. वर्गीकरणात त्यांनी तो एक विचित्र ट्रायलोबाइट मानला. तेव्हा कँब्रियन सागरातला कुठलाही संधिपाद दिसला की तो ट्रायलोबाइटांच्या किंवा कवचधाऱ्यांच्या (कोळंबी-खेकड्यांच्या) तयार खणात बसवायचा, अशीच पद्धत होती, आणि वॉलकॉट यांच्यासारखा कामाच्या ओझ्याखाली वाकलेला प्रशासक वेगळे काही करील, अशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे होईल. १९२४ पर्यंत त्यांनी त्या खाणीतून ६५,००० हून अधिक नमुने वॉशिंग्टनला नेले. त्यांकडे निवांत पाहायला त्यांना उभ्या आयुष्यात सवड झाली नाही.

आता प्राण्याकडे वळते. वरून पाहिले तर मारेलाचा निम्माअधिक डौल त्याच्या शिराच्या ढालीत आहे. ही ढाल पाचरीच्या आकाराची, लहानशी, पण तिच्यातून काट्यांच्या दोन मोठ्या जोड्या निघतात. एक जोडी दोन्ही बाजूंनी बाहेर पडून मागे वळते आणि दुसरी ढालीच्या मागच्या कडेवरून निघून पाठीवरून थेट मागे जाते. या वक्र काट्यांनी धडाचा बराच भाग वरून आणि बाजूंनी झाकला जातो, त्यामुळे प्रथमदर्शनी प्राणी आहे त्यापेक्षा थोराड वाटतो. ट्रायलोबाइटांचे कवच खनिजयुक्त, कॅल्साइटचे असते आणि म्हणूनच ते जगभर सापडतात. मारेलाच्या ढालीत असे खनिज नव्हते, आणि तरीही हे लांब काटे ताठ राहत होते. ढाल इतकी लहान आणि काटे इतके मोठे, हे प्रमाण कागदावर उतरवताना हात दर वेळी अडखळतो, कारण सवयीचा डोळा ढाल मोठी करायला पाहतो.

खरे वैभव मात्र खालच्या बाजूला आहे. डोक्याखाली उपांगांच्या दोनच जोड्या आहेत. पहिली जोडी लांबलचक शृंगिकांची, म्हणजे मिशांसारख्या स्पर्शांगांची, तीस-तीस बारीक खंडांची, सांध्यासांध्यावर केस असलेली. दुसरी जोडी आखूड आणि वल्ह्यासारखी, कडेने दाट केसांची झालर असलेली. पोहताना पाणी मागे लोटण्याचे काम हिचे असावे. बस, डोके इथेच संपते. त्याच्यामागे धड सुरू होते ते खंडांमागून खंड असे चालू राहते. मोठ्या नमुन्यांत हे खंड सव्वीसपर्यंत जातात, लहान नमुन्यांत सतराच असतात. प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, आणि प्रत्येक पायाला दोन फांद्या. आतली फांदी चालायची, सांध्यांची. बाहेरची फांदी कल्ल्याची, बारीक तंतूंची ओळ असलेली. पुढून मागे जाताना हे पाय आकाराने हळूहळू लहान होत जातात, पण त्यांची घडण बदलत नाही, आणि सर्वांत शेवटी एका बटणासारख्या शेवटच्या खंडावर सारे थांबते. बाहेरच्या फांद्यांचे तंतू एकमेकांवर पसरलेले असल्याने दगडावर त्यांची जाळीदार किनार उमटते, आणि वॉलकॉट यांना लेस आठवली ती तिच्यामुळेच.

या पायांची गंमत समजायला शेजारी दुसरा एखादा संधिपाद ठेवून पाहावा लागतो, आणि ठाण्यात तो मिळायला अडचण नाही. चेंदणी कोळीवाड्याजवळ टोपली घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी वर्षानुवर्षे कोळंबी घेत आले आहे. आधी प्रयोगशाळेसाठी, आता घरासाठी आणि या असल्या उद्योगांसाठी. त्या मला अजूनही विचारतात, “मॅडम, आज खायला का कापायला?”

“दोन्हीला, मावशी. पण चार-पाच न सोललेल्या द्या, पाय शाबूत पाहिजेत.”

“पाय कोण खातं?” असे म्हणत त्या टोपलीच्या तळातून धडधाकट कोळंब्या निवडून देतात, आणि त्या बदल्यात किलोमागे घासाघीस करायची नाही, एवढी समज आम्हा दोघींत आहे.

कोळंबीची उपांगे सुटी करून कागदावर क्रमाने मांडणे हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केलेले प्रात्यक्षिक आहे. चिमट्याने बुडाशी धरायचे, हलकेच पिळून ओढायचे आणि पुढून मागे एकेक जोडी ठेवत जायचे. एकूण एकोणीस जोड्या भरतात. आखूड शृंगिका, लांब शृंगिका, मग जबड्याची जोडी, जी हाताला टणक लागते आणि सुटता सुटत नाही; तिच्यामागे खाणे सारखे करायच्या पानासारख्या पातळ दोन जोड्या, मग तोंडाकडे वळलेल्या तीन जोड्या, मग चालायच्या पाच, आणि आपल्या समुद्रातल्या नेहमीच्या कोळंबीत त्यांतल्या पहिल्या तिन्हींच्या टोकाला भिंगाखाली पाहिले तर इवलाल्या नांग्या. पोटाखाली पोहण्याच्या पाच जोड्या आणि शेवटी शेपटीच्या पंख्याची एक. कल्ले यांत दिसत नाहीत; ते छातीच्या कवचाखाली, पायांच्या बुडाशी लपलेले असतात आणि कवच कात्रीने कापल्याशिवाय दिसत नाहीत. कागदावर मांडलेल्या या एकोणीस जोड्यांत सारख्या दिसणाऱ्या फार थोड्या. ज्याला त्याला नेमून दिलेले काम आहे आणि त्या कामाप्रमाणे प्रत्येकाचा आकार बदललेला आहे.

त्याच कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर मी मारेलाची उपांगे काढली. शृंगिका एक, वल्ह्यांची जोडी दुसरी, आणि त्यानंतर तोच पाय, तोच पाय, तोच पाय, फक्त लहान होत गेलेला. सव्वीस खंडांच्या मारेलात एकूण अठ्ठावीस जोड्या होतात, म्हणजे कोळंबीपेक्षा नऊ जास्त, पण प्रकार तीनच. जबड्याची जोडी नाही. चावण्यासाठी राखून ठेवलेला पाय नाही, धरण्यासाठी नांगी नाही, शेपटीचा पंखा नाही. जो पाय चालतो त्याच पायाची दुसरी फांदी श्वास घेते, आणि प्रत्येक खंड हे दोन्ही उद्योग स्वतःपुरते सांभाळतो. पाठ्यपुस्तके अशा रचनेला ‘आदिम’ म्हणून पुढे जातात. मला तो शब्द आळशी वाटतो. एक साधा, दोन कामांचा पाय घेऊन त्याच्या सव्वीस आवृत्त्या काढणे, आणि एवढ्यावर त्या समुद्रातल्या सर्वाधिक संख्येच्या संधिपादांपैकी एक होऊन बसणे, यात उणे काय आहे, ते मला अजून कुणी नीट सांगितलेले नाही. शिवाय डोक्याजवळच्या दोन जोड्यांनी वेगळे रूप घेतलेलेच होते. कामांची वाटणी पुढच्या टोकाकडून सुरू झाली होती.

संख्येची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण शरीररचनेचे हे सारे ज्ञान तिच्यावर उभे आहे. मारेलाचे २५,००० हून अधिक नमुने आजवर गोळा झाले आहेत. कँब्रियन प्राण्यांत मानाचे पान मिळते ते अनोमॅलोकॅरिससारख्या मोठ्या शिकाऱ्याला. त्याची खेळणीसुद्धा निघतात. मारेलाच्या वाट्याला ते कौतुक फारसे येत नाही, पण त्याच्या देहाविषयी जे बारकाईने सांगता येते ते त्याच्या सामान्यपणामुळे, त्याच्या गर्दीमुळे. एक-दोन नमुन्यांवर कुणाचेही पाय मोजता येत नाहीत.

हे मोजण्याचे काम केले हॅरी व्हिटिंग्टन यांनी. ते ट्रायलोबाइटांचे जाणकार, केंब्रिजला प्राध्यापक. १९६६ आणि १९६७ साली कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या खाणीत पुन्हा काम काढले तेव्हा ते त्यात होते. १९७१ साली त्यांचा मारेलावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि करायला जीवघेणी होती. हे प्राणी चिखलाच्या लोंढ्यात सापडून गाडले गेले होते, त्यामुळे दगडात ते एकाच अंगाने पडलेले नाहीत: कुणी पोटावर, कुणी कुशीवर, कुणी तिरपा, कुणी डोके खाली करून. शेल फोडला की बहुतेक वेळा प्राण्याचा काही भाग एका पापुद्र्यावर राहतो आणि काही समोरच्यावर, म्हणून दोन्ही पापुद्रे जपून ठेवावे लागतात. त्यातही जे वर दिसते ते कवच, आणि पाय त्याखालच्या दगडाच्या केसाएवढ्या थरात. व्हिटिंग्टन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक यंत्राने वरचा थर कण-कण करून काढत, खालचे उघड करत आणि रेखाटनासाठीच्या आरशाच्या साधनाने जसे दिसते तसे काढत. वरून पाहिलेल्या नमुन्यात पायांच्या दोन्ही फांद्या एकमेकींवर चिरडलेल्या असतात आणि कुठली वरची, कुठली खालची ते कळत नाही. कुशीवर पडलेल्या नमुन्यात त्या वेगळ्या होतात, पण मग दुसऱ्या बाजूचे पाय नाहीसे होतात. तिरप्यात काट्यांचा उगम दिसतो आणि शृंगिका दिसत नाहीत. एकाही दगडात अख्खा मारेला नाही. जो अख्खा मारेला आपण चित्रात पाहतो तो अशा शेकडो अर्धवट दर्शनांच्या बेरजेतून आलेला आहे. पहिल्या पिढीत छायाचित्रांवर हात फिरवून रेषा ठळक करण्याची रीत होती आणि वॉलकॉट यांची छायाचित्रेही त्याला अपवाद नाहीत. त्यानंतर व्हिटिंग्टन यांची ती कोरडी, प्रत्येक भेग आणि तुटका पाय जिथल्या तिथे दाखवणारी रेखाटने पाहिली की मला विद्यार्थ्यांची जर्नले तपासतानाचा माझाच लाल पेन आठवतो: जे दिसले ते काढा, जे माहीत आहे ते काढू नका.

त्यांच्या निष्कर्षाने खळबळ उडाली नाही, पण उडायला हरकत नव्हती. त्यांच्या मते मारेला ट्रायलोबाइट नाही, कारण डोक्याखालच्या उपांगांची मांडणी आणि पायांची घडण जुळत नाही. तोंडामागे तीन जोड्या असण्याची कवचधाऱ्यांची खूण त्याच्यात नाही, म्हणून तो कोळंबी-खेकड्यांच्या घरातलाही नाही. विंचू-कोळ्यांच्या घरातला तर नाहीच. १९५९ साली एका मोठ्या संदर्भग्रंथात त्याच्यासाठी ‘ट्रायलोबिटॉइडिया’ नावाचा एक भरताड वर्ग केला होता, तोही पुढे मोडीत निघाला.

इतके नाजूक अवयव टिकले कसे, हा प्रश्न ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्याला फार जवळून विचारता येतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून खाडीत ओहोटीच्या वेळी पाहिले तर समोर मैलभर चिखल असतो. २०१५ साली ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर स्थळ, त्यामुळे लोक येतात ते गुलाबी पक्षी पाहायला. मी पाहते तो चिखल. वरचा बोटभर थर करडा, त्याखाली काळा, कुजकट वासाचा, प्राणवायू नसलेला. मेलेला प्राणी टिकायला असा चिखल चांगला, असे पहिल्यांदा वाटते. पण दोन मिनिटे नजर स्थिर ठेवली की तो चिखल हलताना दिसतो. एक नांगी मोठी असलेले लहान खेकडे बिळातून गोळ्या काढून बाहेर टाकत असतात, निवट्या उड्या मारत आपापल्या बिळांत शिरतात, खाली गांडुळासारखे समुद्री किडे बोगदे खणत असतात, आणि तिवरांची मुळे वेगळीच. वरचे खाली आणि खालचे वर असा हा चिखल अखंड कालवला जातो. इथे मेलेल्या कोळंबीचे पाय, कल्ले, पोट, काही म्हणजे काही जागेवर राहणार नाही. कँब्रियन समुद्रतळाशी खोल बिळे करून गाळ उलथणारे प्राणी अजून फारसे झाले नव्हते, शिवाय मारेला ज्या लोंढ्यात गाडले गेले तिथे प्राणवायूच अपुरा होता. त्यामुळे तो बारीक गाळ बसला तसाच बसून राहिला, आणि त्यात केसाएवढ्या तंतूंचीही ओळ राहिली.

तरीही कुजणे पूर्ण थांबले नव्हते, आणि इथे तो डाग कामाला येतो. प्राणी गाडला गेल्यावर आणि वरचा गाळ दाबत गेल्यावर त्याच्या शरीरातला द्रव बाहेर पडला आणि मागच्या टोकाशी गाळात मुरला. डाग म्हणजे तो द्रव. व्हिटिंग्टन यांच्यापासून हा अर्थ बहुधा मान्य आहे. पण तो द्रव कोणता, पोटातले पाणी की रक्त, हा प्रश्न शिल्लक होता. २०१४ साली सॅस्कॅचेवन विद्यापीठाच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मारेलाच्या नमुन्यांतली मूलद्रव्ये तपासली आणि डागात तांब्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखवले. त्यांचा तर्क असा, की हे तांबे हिमोसायनिनचे, म्हणजे अनेक संधिपादांच्या रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचे आहे. आपल्या रक्तात जे काम लोहाचे हिमोग्लोबिन करते ते त्यांच्या रक्तात तांब्याचे हिमोसायनिन करते. प्राणवायू धरला की ते निळसर होते आणि सोडला की जवळजवळ बिनरंगी. कोळंबी सोलताना हाताला रक्त लागले असे कुणी म्हणत नाही, याचे कारणच हे की त्या पाणचट द्रवाला कुणी रक्त समजत नाही. चिंबोरीचा पाय मोडला की जे टपकते, तेही तेच.

हा निष्कर्ष खरा असेल, आणि मला तो पटण्याजोगा वाटतो, तर मारेलाच्या शरीररचनेत कवच आणि पाय यांच्या जोडीला अभिसरणही आले. बाहेरच्या फांदीवरच्या तंतूंच्या ओळी कल्ले होते हे आपण आकारावरून म्हणतो. त्या कल्ल्यांतून प्राणवायू उचलून नेणारे द्रव्य काय होते, याचा हा रासायनिक पुरावा. सव्वीस खंडांच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या बावन्न पट्ट्या आणि त्यांमधून फिरणारे तांब्याचे रक्त, असे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की त्या सारख्या पायांकडे केवळ चालण्याचे पाय म्हणून पाहता येत नाही. एवढे सगळे ज्यावरून कळले, तो भाग चित्रकार पुसून टाकतात. त्यांच्यावर माझा राग नाही, पण निदान एखाद्या संग्रहालयाने जिवंत मारेलाच्या चित्राशेजारी मेलेल्या मारेलाचे, डागासकट, तेवढ्याच आकाराचे चित्र लावावे, असे मला वाटते.

असाच आणखी एक विरळा पुरावा कात टाकण्याचा. सगळे संधिपाद वाढताना जुने कवच टाकतात, आणि मारेलाही टाकत असणार, हे आधीपासून गृहीत होते. लहान नमुन्यांत सतरा खंड आणि मोठ्यांत सव्वीस, ही वाढ कात टाकल्याशिवाय होणे शक्य नव्हते. पण कात टाकतानाचा क्षण सापडणे म्हणजे भाग्यच, कारण ती घटना आयुष्याच्या मानाने निमिषाएवढी असते आणि तेवढ्यातच चिखलाचा लोंढा यावा लागतो. रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयाच्या संग्रहात असा एक मारेला मिळाला आणि २००४ साली डिएगो गार्सिया-बेइदो आणि डेस्मंड कॉलिन्स यांनी त्याचे वर्णन केले: जुन्या कवचातून नवा, मऊ प्राणी बाहेर पडत असलेला. हजारो नमुन्यांत असा हा एकच.

रंगाबद्दल थोडक्यात. १९९८ साली अँड्र्यू पार्कर यांनी उत्तम टिकलेल्या मारेलाच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक समांतर रेषांची नक्षी दाखवली आणि तिच्यावर प्रकाश पडला की तो फुटून इंद्रधनुषी चमक दिसत असावी, असे मांडले. तेव्हापासून मारेलाची चित्रे मोरपंखी झाली आहेत. शक्यता आहे; पण पाय आणि कल्ले यांच्याइतका हा भाग माझ्या वहीत पक्क्या शाईने काढलेला नाही, पेन्सिलीने काढलेला आहे.

मग हा प्राणी आहे तरी कुणाच्या घरचा? त्याचे नातलग ओळखीचे झाले आहेत, एवढे निश्चित. जर्मनीच्या हुन्सरुक स्लेटमध्ये, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, मिमेटॅस्टर नावाचा प्राणी आहे, ज्याच्या ढालीतून सहा लांब काटे ताऱ्यासारखे चहूकडे फाकलेले आहेत आणि ज्याचे डोळे देठांवर आहेत. त्याच थरांत व्हॅकोनिसिया आहे. इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधल्या सायल्युरियन, म्हणजे कँब्रियननंतरच्या काळातल्या थरांत झायलोकोरिस आहे, जो दगड थर-थर घासत, प्रत्येक थराचे छायाचित्र घेत संगणकावर उभा करावा लागला. या सर्वांना मिळून मारेलोमॉर्फ म्हणतात. म्हणजे मारेलाची रचना कँब्रियनबरोबर संपली नाही, तिच्या वंशाने आणखी दहा कोटी वर्षे तग धरला. या कुळाला मात्र कायमचा पत्ता मिळालेला नाही; काही विश्लेषणे ते ट्रायलोबाइटांच्या शेजारी ठेवतात, काही जबडेधारी संधिपादांच्या (कीटक, कोळंबी यांच्या गटाच्या) जवळ नेतात, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्याच दोन शिरोपांगांच्या आणि त्याच द्विशाख पायांच्या वाचनावर चालतात. मला व्हिटिंग्टन यांचा नकार अजून जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो पाय मोजून आलेला आहे.

सध्या वहीत व्हॅकोनिसियाचे पाय काढायला घेतले आहेत. त्याची ढाल जवळजवळ अख्खे शरीर झाकते, वरून एकही पाय दिसत नाही, आणि नमुने इतके थोडे की मारेलाच्या वेळी मिळाली तशी कुशीवरच्या आणि तिरप्या नमुन्यांची मदत इथे मिळत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रात जे उमटले आहे त्यावरूनच दोन फांद्या वेगळ्या कराव्या लागतात.